लष्करी दंतपथकाचा बिल्ला: वाचायचा कसा आणि डिझाइन करायचा कसा

दाताच्या डॉक्टरांच्या युनिटचा बिल्ला करायचा म्हटलं की कागदावर पहिली उतरते ती दाढ. दोन मुळांची, पांढरीशुभ्र, वर चमक दाखवणारी चांदणी. ती दाढ आपण कुडाळपासून चिपळूणपर्यंत हायवेवरच्या प्रत्येक दवाखान्याच्या बोर्डावर बघतो, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. पण लष्करी युनिटच्या बिल्ल्याचं काम वेगळं असतं. तिथे दात दिसतात की नाही हे महत्त्वाचं नाही, हे युनिट सैन्यासाठी नेमकं काय करतं ते दिसलं पाहिजे. ह्या लेखात मी एवढंच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

मी सावंतवाडीकडे लाकडी स्मृतिचिन्हं आणि बोधचिन्हं डिझाइन करतो. आपल्या कोकणात घरटी कोणी ना कोणी फौजेत किंवा नेव्हीत असतोच, त्यामुळे रिटायरमेंटच्या फळ्या, युनिटच्या ढाली, बटालियनची चिन्हं असं काम सतत चालू असतं. दंतपथकाचं काम क्वचित येतं आणि मला ते सगळ्यात आवडतं, कारण त्यात डोकं लावावं लागतं. तलवार, वाघ, किल्ला हे सगळ्यांना लागू पडतं, इथे तसं काही तयार मिळत नाही.

आधी जुने बिल्ले नीट बघा

पेन्सिल उचलायच्या आधी हे करा. ब्रिटिश आर्मीच्या रॉयल आर्मी डेंटल कोअरचा बिल्ला बघा. ड्रॅगनचं डोकं, जबड्यात आडवी तलवार, भोवती लॉरेलच्या पानांचा हार, वर मुकुट, आणि ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, एक्स डेंटिबस एन्सिस, म्हणजे दातांतून तलवार. ड्रॅगनचे दात दिसतात खरे, पण बिल्ला गोष्ट सांगतो कॅडमसची. ग्रीक पुराणात कॅडमस ड्रॅगनला मारतो, अथेना देवीच्या सांगण्यावरून त्याचे दात जमिनीत पेरतो आणि त्यातून शस्त्र घेतलेले सैनिक उगवतात. ते आपापसात लढतात, पाच उरतात आणि ते पाच जण कॅडमसला थीब्ज नगरी वसवायला मदत करतात. म्हणजे दात पेरला की सैनिक उगवतो. दाताच्या डॉक्टरांनी सैन्याला काय दिलं तर लढायला उभा राहील असा माणूस दिला, आणि हे एकाही शब्दाशिवाय सांगून झालं. मला विचाराल तर दंतपथकांच्या बिल्ल्यांमध्ये ह्याच्या तोडीचा दुसरा नाही.

ह्या कोअरचा जन्म कसा झाला तेही माहीत असू द्या, कारण चिन्हामागे गरज असते. पहिल्या महायुद्धात १९१४ मध्ये फ्रान्समधल्या एन नदीकाठच्या लढाईच्या वेळी ब्रिटिश जनरल डग्लस हेगची दाढ ठणकायला लागली आणि फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश सैन्याबरोबर दाताचा डॉक्टरच नव्हता, शेवटी पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. त्यानंतर दंतवैद्य आघाडीवर पाठवायला सुरुवात झाली आणि १९२१ मध्ये आर्मी डेंटल कोअर उभी राहिली. रॉयल हे बिरुद १९४६ मध्ये मिळालं. २०२४ मध्ये ही कोअर नव्या रॉयल आर्मी मेडिकल सर्व्हिसमध्ये विलीन झाली, पण बिल्ला अभ्यासायला आजही तितकाच उपयोगी आहे.

आपल्याकडची आर्मी डेंटल कोअर १ फेब्रुवारी १९४१ ची, आणि आपल्या तिन्ही दलांच्या दातांची काळजी तीच घेते, म्हणजे लेहला बसलेला जवान काय आणि कारवारच्या तळावरचा नाविक काय, डॉक्टर ह्याच कोअरचे.

अमेरिकन आर्मीची पद्धत एकदम वेगळी. त्यांच्या आर्मी मेडिकल डिपार्टमेंटचं चिन्ह कॅड्युसियस, पंखांची काठी आणि तिला दोन साप. डॉक्टरांचा तो साधा सोनेरी, दंतवैद्यांच्या त्याच चिन्हावर काळ्या रंगात डी अक्षर, पशुवैद्यांना व्ही, नर्सेसना एन. बस्स. एक कुटुंब, आणि अक्षराने ओळख. अमेरिकन नेव्हीने ह्याच्यापेक्षा देखणी युक्ती केली, तिथे ओकचं सोनेरी पान आहे आणि मेडिकल कोअरच्या पानावर एक चंदेरी ओकफळ, डेंटल कोअरच्या पानावर देठाच्या दोन बाजूंना दोन. लांबून सगळे सारखे दिसतात, जवळ गेलं की कळतं कोण कोण आहे. तुमचं युनिट एखाद्या मोठ्या मेडिकल फॉर्मेशनच्या हाताखाली असेल तर हा मार्ग आधी विचारात घ्या. सगळं नवीन शोधायची गरज नसते, आईच्या चिन्हात एक छोटा फरक केला तरी भागतं.

तिसरं बघायचं ते लष्करी नाही पण काही लष्करी बिल्ले त्याच्याकडून उसनं घेतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९६५ मध्ये दंतवैद्यकाचं चिन्ह स्वीकारलं. मधोमध जुन्या अरबी वैद्यकातली डागणी, म्हणजे तापवून डाग द्यायचं हत्यार, तिला एक साप गुंडाळलेला, मागे डेल्टा ह्या ग्रीक अक्षराचा त्रिकोण आणि ओमिक्रॉन ह्या ग्रीक अक्षराचं वर्तुळ, आणि ३२ पानं, २० फळं. ३२ पक्के दात, २० दुधाचे. पानं मोजायला लागल्यावर माणूस हसतो आणि चिन्ह कायमचं लक्षात राहतं.

सापाबद्दल एक गोष्ट पक्की करून ठेवा. एक साप आणि बिनपंखांची साधी काठी म्हणजे अस्क्लेपियस, वैद्यकाचा देव. दोन साप आणि पंख म्हणजे हर्मीस, देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा देव. अमेरिकन आर्मीने १९०२ मध्ये दुसरा घेतला आणि तो तिथे रुळला, पण तुम्ही नव्याने करताय तर एकच साप घ्या. कणकवलीकडचे एक रिटायर्ड सुभेदार माझ्याकडे बसलेले असताना स्क्रीनवर बघून म्हणाले, "रे, दाताच्या डागदराक सरप कित्याक?" हा प्रश्न प्रत्येक चिन्हाला विचारायचा. उत्तर एका वाक्यात देता आलं तर ते चिन्ह ठेवायचं, दोन मिनिटं समजावत बसावं लागलं तर काढायचं. सापाचं उत्तर आहे, तो कात टाकून नवा होतो म्हणून जुन्या लोकांनी बरं होण्याशी त्याला जोडलं. सुभेदारांना पटलं.

चित्राआधी मजकूर

अमेरिकन आर्मीचे बिल्ले व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्रीकडून मंजूर होतात आणि तिथल्या प्रत्येक बिल्ल्याच्या नोंदीत वर्णन, अर्थ आणि पार्श्वभूमी असे भाग असतात. हीच पद्धत आपण वापरायची, फक्त उलट्या क्रमाने कामाला लागायचं. आधी पार्श्वभूमी लिहा, मग अर्थ, आणि चित्राचं वर्णन सगळ्यात शेवटी. ज्याचं वर्णन चार ओळींत होत नाही ते चित्र गर्दीचं आहे असं समजा.

पार्श्वभूमीसाठी युनिटच्या माणसांशी बोला आणि साधे प्रश्न विचारा. पथक एका जागी आहे की फिरतं? पेशंट कोण, पायदळ, पाणबुडीवाले, पायलट, की फॅमिलीसुद्धा? जास्तीत जास्त वेळ कशात जातो? लोकांना वाटतं दंतपथक म्हणजे दाढ उपटणं, पण खरं काम ऐकलं की डिझाइनची दिशाच बदलते. सैन्यात दातांची तपासणी ही तयारीची तपासणी असते. अमेरिकन पद्धतीत सैनिकांचे चार वर्ग करतात, पहिले दोन मोहिमेवर जायला योग्य, तिसऱ्यातल्याला १२ महिन्यांत दाताची इमर्जन्सी येण्याची शक्यता, चौथा म्हणजे ज्याची तपासणीच वेळेत झालेली नाही. मोहिमेवर निघालेल्या बोटीवर एकाची दाढ सुजली तर ती त्या एकाचीच अडचण राहत नाही, त्याची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, दुसऱ्याला करावी लागते. पायलट आणि डायव्हर लोकांचा वेगळाच त्रास, हवेचा किंवा पाण्याचा दाब बदलला की किडलेला किंवा नीट न भरलेला दात असा ठणकतो की लक्ष कामावर राहत नाही, त्याला बॅरोडॉन्टाल्जिया म्हणतात. शिवाय जबड्याच्या जखमा आहेत, आणि कोणी सांगत नाही ते काम म्हणजे दुर्घटनेनंतर दातांच्या रेकॉर्डवरून माणसाची ओळख पटवणं. ह्यातलं एक काम निवडा. एकच. सगळी कामं एका बिल्ल्यात घालायला गेलं की बिल्ल्याचं माहितीपत्रक होतं.

लेखासाठी आपण एक काल्पनिक पथक धरू, कोकण किनाऱ्यावरच्या तळांवर फिरून नाविक आणि जवानांचे दात तपासणारं. त्याचं मुख्य काम तयारी, जागा समुद्रकिनारा, स्वभाव फिरता. ह्यापुढचं सगळं ह्या तीन शब्दांवर तोलायचं.

चिन्हं निवडणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी एका कागदावर सुचतील ती सगळी चिन्हं लिहून काढतो आणि मग एकेकाला सुभेदारांचा प्रश्न विचारतो.

कागदी काडतूस. १८५७ ची काडतुसं आपण शाळेत शिकलो, ती दातांनी तोडून बंदुकीत दारू ओतायची असायची, म्हणजे त्या काळात समोरचे दात धड नसतील तर शिपाई बंदूकच भरू शकत नव्हता. दात आणि लढणं ह्यांचा इतका थेट संबंध दुसऱ्या कुठल्या वस्तूत सापडणार नाही. अमेरिकन यादवी युद्धातही हेच, काडतूस तोडता येईल असे दात भरतीला लागायचे. चिन्ह म्हणून मला हे फार आवडतं, पण आपल्या देशात ह्या काडतुसाला दुसरा, फार मोठा आणि दुखरा इतिहास आहे, बघणाऱ्याच्या मनात आधी तोच येणार. म्हणून आपल्या बिल्ल्यात नको.

मगर आणि पक्षी. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नाईल नदीच्या मगरीची गोष्ट लिहिली आहे, मगर तोंड उघडून पडते आणि एक छोटा पक्षी आत शिरून जळवा टिपून खातो, मगर त्याला काही करत नाही. ताकदवान जनावर स्वतःहून जबडा उघडून देतं, दंतवैद्य आणि सैनिकाचं नातं ह्याहून चांगलं कोण सांगणार. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेतच, चिपळूणचे लोक त्या दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात, त्यामुळे प्रदेशही जुळतो. अडचण आकाराची आहे. बिल्ल्यावर मगरीच्या तोंडातला पक्षी दीड-दोन मिलिमीटरचा होतो, आणि तो पक्षी दिसला नाही की उरते नुसती आ वासलेली मगर. मोठ्या लाकडी ढालीसाठी राखून ठेवा, छोट्या बिल्ल्यासाठी नको.

मोरी, म्हणजे मुशी, शार्क मासा. मालवणच्या जेटीवर मोरीचा जबडा कधी जवळून बघा, पुढच्या ओळीमागे दुसरी ओळ, तिच्यामागे तिसरी, पुढचा दात पडला की मागचा पुढे सरकतो, आणि हे आयुष्यभर चालू. सतत नवा होणारा दात म्हणून कल्पना चांगली आहे, पण हल्ला करणाऱ्या तुकडीने मुशीचा दात लावावा, बरं करणाऱ्यांनी नाही.

सुपारी. कोकणातलं पीक, घोस दिसतो सुंदर, आणि अमेरिकन चिन्हातल्या २० फळांच्या जागी २० सुपाऱ्या असं कोणालाही सुचेल. अजिबात घालू नका. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलंय, आणि ज्या पथकाचा डॉक्टर रोज जवानांना सुपारी-गुटखा सोडा म्हणून सांगतो त्याच्याच छातीवर सुपारीचा घोस असणं बरोबर नाही. दुधाचे दात दाखवायचं कारणही इथे नाही, आपलं पथक मोठ्या माणसांचं आहे. तुमच्या युनिटमध्ये फॅमिली डेंटल क्लिनिक असेल तर गोष्ट वेगळी.

नारळाची झावळ. ही घ्यायची. लॉरेलचा हार जे काम करतो तेच झावळ आपल्या मातीतून करते, आणि तिच्यात मोजायला पाती असतात. दोन झावळ्या, प्रत्येकीला १६ पाती, मिळून ३२. वरच्या जबड्यात १६, खालच्यात १६. ह्याहून सोपा हिशोब नाही.

मधलं चिन्ह दंतशंकू. सुश्रुतसंहितेत जी २० शस्त्रं सांगितली आहेत त्यात दंतशंकू आहे, दातांवर साचलेला कठीण थर, दंतशर्करा, खरवडून काढायला वापरायचं शस्त्र. अरबी डागणीच्या जागी हे आपलं. तयारी ह्या शब्दाशीही ते जमतं, कारण उपटायचं हत्यार नाही हे, दात टिकवायचं हत्यार आहे. दंतवैद्यांच्या युनिटला पकड किंवा चिमटा देणं मी नेहमी टाळतो. चिमट्यात दात धरलेली संत अपोलोनिया ख्रिस्ती परंपरेत दंतवैद्यांची रक्षक मानतात, अलेक्झांड्रियात २४९ मध्ये तिचे दात पाडून छळ झाला म्हणून तिच्या हातात चिमटा आला. तो तिच्या यातनेचा पुरावा आहे, वैद्याचं हत्यार म्हणून तो मिरवू नये.

आणि खाली लाटा, फक्त दोन. किनारा आणि फिरतेपण दोन्ही त्यातच आलं.

एवढं निवडून झालं की गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने गोल पत्ते, बघा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं, दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, आणि हातात मावेल एवढ्या गोलात चितारी असं चित्र बसवतो की खेळणाऱ्याला एका नजरेत अवतार कळला पाहिजे. परशुरामाची पानं परशूवरून ओळखायची. कुऱ्हाड जाड, टोकाला ठळक, मागची जमीन एकरंगी. छोट्या गोलात मोठी गोष्ट कशी सांगायची ह्याची शाळा आपल्या घराजवळच आहे.

आकार आणि रंग

आकाराबद्दल आजकाल सगळ्यांना अष्टकोन हवा असतो. नौदलाच्या नव्या ध्वजावर २ सप्टेंबर २०२२ पासून शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे, आणि मालवणात ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन झाला तेव्हा अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या एपोलेट्समध्येही महाराजांचा वारसा दिसेल असं जाहीर झालं. सिंधुदुर्गाच्या समोर उभं राहून ते ऐकताना छाती फुगली नाही असा मालवणकर शोधून सापडायचा नाही. पण त्याचमुळे निळ्या-सोनेरी अष्टकोनात काही काढलं की ते नौदलाचं अधिकृत वाटतं. नमुना किंवा सरावाच्या डिझाइनला गोल घ्या.

रंगांना अर्थ असतो आणि तो आधीच ठरलेला असतो. अमेरिकन आर्मीच्या मेडिकल डिपार्टमेंटचे रंग मरून आणि पांढरा, म्हणून तिथल्या दंतयुनिट्सच्या बिल्ल्यातही हेच रंग सारखे भेटतात. ब्रिटिश डेंटल कोअरचा ओळखीचा रंग पाचूसारखा हिरवा. रॉयल नेव्हीत डॉक्टरांच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये लाल कापड आणि दंतवैद्यांच्या नारिंगी. अमेरिकन विद्यापीठांत दंतवैद्यकाचा रंग फिकट जांभळा, लिलॅक. आपण मरून जमीन घेऊ, वैद्यकीय परंपरेशी नातं म्हणून.

मग जुना नियम, सोनं आणि चांदी हे धातू, बाकी सगळे रंग, आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. हा नियम नुसता शिष्टाचार नाही, लांबून दिसण्याचा नियम आहे तो. मरूनवर निळ्या लाटा काढून बघा, दहा पावलांवर गायब. मरूनवर चंदेरी लाटा, स्पष्ट. मरूनवर सोनेरी झावळ्या, स्पष्ट. पण दंतशंकू चंदेरी आणि लाटाही चंदेरी, ते एकमेकांना चिकटले तर एकच गोळा होईल, म्हणून शंकूचं टोक लाटांच्या वर थांबवा आणि मध्ये अर्धा मिलिमीटर तरी मरून दिसू द्या.

खऱ्या मापात तपासणी

स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. अमेरिकन युनिट्सचे धातूचे बिल्ले बहुतेक २.८६ सेंटिमीटरच्या आसपास असतात, आपणही तेच माप धरू. झावळ्या ज्या वर्तुळावर बसवायच्या ते साधारण २५ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर परीघ ७८ मिलिमीटरच्या थोडा वर. वरची बाजू उघडी ठेवून तीन चतुर्थांश वापरला तर ५९ मिलिमीटर, म्हणजे एका झावळीला साडेएकोणतीस. आता १६ पाती एकाच बाजूला लावली तर प्रत्येकाला दोन मिलिमीटरपेक्षा कमी जागा, ती बारीक दातेरी कड दिसेल. पण झावळीला मधली दांडी असते, तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ लावा, की प्रत्येक पात्याला साडेतीन मिलिमीटरच्या वर जागा मिळते आणि ३२ पाती डोळ्यांनी मोजता येतात. असे हिशोब कागदावर आधी करा, नंतर कारागिराशी वाद होत नाहीत.

मग डिझाइन खऱ्या मापात, फक्त काळ्या रंगात प्रिंट करा. रंग काढल्यावर जे ओळखता येत नाही ते रंगातही नीट ओळखता येत नसतं. कागद भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. घरातल्या ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला विचारा काय दिसतंय. दंतशंकूला कोणी पेन म्हणालं तर टोक आणि मूठ ह्यांच्यातला फरक वाढवा, मूठ जाड करा.

ब्रीदवाक्य आणि देवनागरी

नौदलाचं शं नो वरुणः आणि आर्मी मेडिकल कोअरचं सर्वे सन्तु निरामयाः ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा, लहान आहेत आणि तोंडात बसतात. तुम्ही संस्कृत घ्या किंवा मराठी, पण तीन-चार शब्दांच्या वर जाऊ नका. आपल्या पथकासाठी मला आधी सज्ज दंत, सज्ज दल सुचलं होतं, ते मी बदलून तयार दात, तयार दल केलं. कारण सरळ आहे, एवढ्याशा पट्टीवर ज्ज हे जोडाक्षर एनॅमलमध्ये, म्हणजे धातूत भरलेल्या रंगात, बुजतं आणि दंतवरचा अनुस्वार पॉलिश करताना झिजून जातो. नव्या वाक्यात एकही जोडाक्षर नाही, एकही अनुस्वार नाही.

देवनागरी अक्षरांमध्ये अंतर वाढवायचं नाही, इंग्रजी अक्षरं सुटी करता येतात तशी आपली केली की शिरोरेषा तुटते. गोल कडेवर मजकूर वळवण्यापेक्षा खाली किंचित वाकलेली पट्टी काढा, शिरोरेषा तिच्यासोबत सौम्य वळते. आणि फाइल देण्यापूर्वी कोरल ड्रॉ असो की इंकस्केप, अक्षरांचे कर्व्ह करून द्या, नाहीतर दुकानदाराच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या कुठल्या कुठे जातात. दिल्यावरही प्रूफ मागवून एकेक मात्रा तपासाच.

कायद्याचं एवढं सांभाळा

अशोकस्तंभाची सिंहमुद्रा खाजगी डिझाइनमध्ये घालायची नाही, त्याला २००५ चा राज्यचिन्हाचा कायदा आहे. रेडक्रॉसचं लाल क्रॉसचं चिन्हही नाही, ते जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा १९६० खाली संरक्षित आहे, लढाईत त्या चिन्हावर माणसांचा जीव अवलंबून असतो म्हणून ते शोभेसाठी वापरायचं नाही. सैनिकाचा बिल्ला किंवा तसा दिसणारा बिल्ला लावून स्वतःला सैनिक भासवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. आणि खऱ्या युनिटचं चिन्ह हवं असेल तर युनिटच्या कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन कामाला हात लावा.

बनवून घेताना

धातूच्या बिल्ल्यात दोन प्रकार मिळतात, सॉफ्ट एनॅमल, ज्यात रंग खोलगट बसतो आणि धातूच्या कडा बोटाला लागतात, आणि हार्ड एनॅमल, ज्यात सगळं घासून एका पातळीत आणतात. झावळीच्या पात्यांना सॉफ्ट चांगलं, उजेड पडला की कडा चमकतात आणि पाती सुटी दिसतात. दोन रंगांच्या मध्ये धातूची भिंत लागते, ती ०.२ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. कापडी पॅच करायचा असेल तर डिझाइन नव्याने सोपं करा, धाग्याला बारीक रेष जमत नाही, अक्षर पाच मिलिमीटर तरी उंच हवं, म्हणजे पॅच सात-आठ सेंटिमीटरचा होणारच.

लाकडी ढालीसाठी फणस किंवा साग घ्या. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची करतात कारण तो हलका आणि कोरायला मऊ, पण भिंतीवरच्या फळीवर धातूचे भाग ठोकायचे तर फणस बरा, स्क्रू धरून ठेवतो आणि जुना झाला की रंग गडद सोनेरी होतो. लाकूड पूर्ण वाळलेलं आहे का ते मेस्त्रीला आधी विचारा. पॉलिश पुढून, मागून आणि कडांना सगळीकडे द्या, फक्त पुढून दिलं तर पावसाळ्यात मागची बाजू दमट हवा पिते आणि फळी वाकते. लोखंडी स्क्रू नको, खाऱ्या वाऱ्यात गंज उतरून लाकडावर काळे ओघळ येतात, पितळी किंवा स्टेनलेस घ्या. पितळी भागांवर लॅकरचा पातळ थर मारून घ्या म्हणजे काळवंडणार नाहीत, आणि एकदा लॅकर मारल्यावर घरातल्या समईसारखं चिंच लावून घासायचं नाही, मऊ कोरड्या फडक्याने पुसायचं.

आता शेवटी वर्णन लिहून ठेवा, आपल्या पथकाचं असं होईल: मरून रंगाचा गोल बिल्ला, मध्ये चंदेरी उभा दंतशंकू, खाली दोन चंदेरी नागमोडी लाटा, दोन्ही बाजूंनी सोनेरी झावळी, प्रत्येकीला १६ पाती, तळाशी चंदेरी पट्टीवर मरून अक्षरांत तयार दात, तयार दल. त्याखाली अर्थ: मरून वैद्यकीय सेवेचा, दंतशंकू दात टिकवण्याच्या कामाचा, लाटा किनाऱ्याच्या आणि फिरतीच्या, ३२ पाती पूर्ण दातांची. हा कागद लॅमिनेट करून ढालीच्या मागे चिकटवा, सोबत रंगांचे नंबर आणि मापं. दहा वर्षांनी नवीन कमांडिंग ऑफिसर आला आणि पुन्हा ऑर्डर द्यायची झाली तर कारागिराला फोटोवरून पाती मोजत बसावं लागू नये. आणि ढाल भिंतीला टेकवून लावू नका, मागे चार कोपऱ्यांत रबराचे छोटे ठोकळे लावून बोटभर फट ठेवा, जुलैत आपल्याकडच्या भिंती ओल धरतात आणि तो कागद पहिल्यांदा भिजतो.